कॅमेरा बसवला, कठडा राहिला

मी कर्जतचा आहे असं पुण्यात कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "अरे वा! फार्महाऊस आहे का तिकडे?" मग सांगावं लागतं की ते रायगडातलं कर्जत. आमचं नगर जिल्ह्यातलं, म्हणजे आता अहिल्यानगरमधलं. पुणे-सोलापूर रस्त्यानं भिगवण, तिथून आत राशीन आणि मग कर्जत. आमच्याकडं धबधबे नाहीत. गोदड महाराजांचा रथ आहे, रेहेकुरीची काळवीटं आहेत, ज्वारी आहे आणि बहुतेक उन्हाळ्यांत टँकर आहे.

'उतारवयातलं घर आणि बाग' म्हटलं की आपल्या मध्यमवर्गाच्या डोळ्यांपुढं ते दुसरं कर्जत येतं. हिरवळ, वेताची खुर्ची, हातात झारी घेतलेलं पांढऱ्या केसांचं हसरं जोडपं. जाहिरातीत हे जोडपं कधी पायरी उतरताना दिसत नाही. रात्री दोन वाजता लघवीला उठताना तर नाहीच नाही. मला बोलायचंय ते आमच्या कर्जतमधल्या घराबद्दल. तिथं उतारवय म्हणजे चौदा इंचांची पडवी, शेवाळलेली शहाबादी फरशी आणि खड्ड्यातला नळ.

माझं म्हणणं एवढंच आहे: म्हाताऱ्या माणसांच्या घरात जे लहानसहान बदल करायला हवेत ते आपण करत नाही, कारण ते लहानसहान आहेत. पैसा नाही, वेळ नाही, ठाऊक नव्हतं, ही सगळी सांगायची कारणं. मोठा बदल करायला आपण कर्जसुद्धा काढतो. लहान बदलाचा फोटो निघत नाही, वास्तुशांत होत नाही, आणि मुख्य म्हणजे तो करायला म्हाताऱ्या माणसाला काहीतरी विचारावं लागतं. हे मी दुसऱ्यांवर बोट दाखवून म्हणत नाहीये. यातला पहिला आरोपी मी आहे.

आजी गावातल्या घरात एकटी राहते. आईवडील शेतातल्या वस्तीवर असतात. तिला गावातलं घर सोडवत नाही. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला मी दोन वायफाय कॅमेरे नेले. एक पडवीत, एक स्वयंपाकघरात. राउटर, वर्षभराचं इंटरनेट, सगळं मिळून साडेचौदा हजार. नोकरीला लागल्यापासून घरासाठी केलेलं पहिलं मोठं काम म्हणून मी खूश होतो. कॅमेऱ्याचं तोंड आपल्याकडं वळलेलं पाहून आजी म्हणाली, "आरं, मी का चोर हाये का?" दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातल्या कॅमेऱ्यावर टॉवेल पडला. आम्ही सगळे हसलो. मी तो काढला.

त्याच दिवाळीत घराला रंग दिला. रंग देण्याआधी वडिलांनी आणि मी साफसफाई केली. पडवीच्या खांबापासून न्हाणीच्या दारापर्यंत आजीनं एक सुताची दोरी बांधलेली होती, ती सोडली. पाहुणे येणार, बरं दिसत नाही. अंगणात उतरायच्या जागी तिनं एक फाटकं गोणपाट टाकलेलं असायचं, ते जाळलं. आणि भिंतीवर कमरेच्या वर, ठरावीक ठिकाणी, तेलकट काळपट डाग पडलेले होते. दाराच्या चौकटीशेजारी, चुलीकडून उठायच्या जागी, न्हाणीच्या तोंडाशी. त्यांच्यावर आम्ही दोन हात डिस्टेंपर मारला.

पुढच्या श्रावणात, रात्रभर भुरभूर पडून गेलेल्या पहाटे, आजी न्हाणीकडं जाताना पडली. ज्या जागी गोणपाट असायचं नेमकी तीच जागा. ५ वाजून १० मिनिटांनी माझ्या फोनवर सूचना आली: हालचाल आढळली. मी पुण्यात झोपलेलो होतो. शेजारच्या काकू झाडायला बाहेर आल्या तेव्हा पावणेसहा वाजत आले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. मी ती चित्रफीत आठ वाजता पाहिली. चित्र अगदी स्वच्छ आहे. पाय घसरल्यावर ती डावा हात बाजूला टाकते, दोरीच्या उंचीवर. तिथं दोरी नाही.

ती पस्तीस मिनिटं मी एकदाच पाहिली. पुन्हा पाहिली नाहीत. पण त्या हातानं मला एक गोष्ट शिकवली. माझ्या आजीनं तिच्या घरात सुरक्षेची एक पूर्ण व्यवस्था उभारलेली होती: दोरी, गोणपाट आणि भिंत. ती कुरूप होती, पण चालत होती. आम्ही ती मोडून काढली आणि तिच्या जागी पाहणारा डोळा बसवला. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर चालू यंत्रणा काय करते हे न विचारता आम्ही ती काढून टाकली आणि सगळ्या नोंदी पुसल्या. ऑफिसात हे कुणी केलं असतं तर त्याला मी झाडला असता.

त्या डागांचा अर्थ मला नंतर कळला. म्हातारं माणूस उठताना, वळताना, उतरताना जिथं जिथं भिंतीचा आधार घेतं तिथं हाताचं तेल लागतं. महिनोन्‌महिने लागलं की डाग पडतो. म्हणजे घरात आधाराची दांडी कुठं हवी याचा नकाशा भिंतीवर काढलेलाच असतो. त्यासाठी वास्तुविशारद लागत नाही. आपण दर दिवाळीला त्या नकाशाला रंग देतो.

आता कुणी म्हणेल, एका घरातल्या एका अपघातावरून सगळ्या समाजाला कशाला धरता? २०११च्या जनगणनेनुसार देशात साठीपुढची दहा कोटींहून जास्त माणसं होती आणि त्यांतली सत्तर टक्क्यांहून अधिक खेड्यांत राहत होती. तेव्हापासून हा आकडा वाढलेलाच आहे. यांच्या घरांबद्दल आपल्याकडं धोरण काय?

२००७च्या आईवडिलांच्या निर्वाहाच्या कायद्यात अन्न, वस्त्र, निवारा, औषधपाणी येतं. त्या निवाऱ्यात पायरी किती उंच असावी याच्याशी कायद्याला देणंघेणं नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सार्वजनिक इमारती वापरता येतील अशा करायला सांगितलं, म्हणून कचेऱ्यांपुढं रॅम्प आले. घराच्या उंबऱ्यापाशी तो कायदा थांबतो. फेब्रुवारी २०२४मध्ये राज्य सरकारनं मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. ६५ वर्षं पुरी झालेल्या, कमी उत्पन्नाच्या माणसाला एकदाच ३,००० रुपये, थेट खात्यात. कशासाठी? चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, व्हीलचेअर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा, कमरेचा पट्टा, मानेची कॉलर. योजनेला नावं ठेवायची नाहीत मला. आजीच्या मैत्रिणीला त्यातून चष्मा मिळालाय. पण यादी नीट वाचा. यातली प्रत्येक वस्तू शरीराला लावायची आहे. भिंतीला लावायची एकही नाही. दोष म्हातारीच्या गुडघ्यात आहे, चौदा इंचांच्या पडवीत नाही, असं ही यादी गृहीत धरते. गुडघ्याला पट्टा बांधला की तिनं त्याच पायरीवरून उतरायचं.

त्या गुडघ्यांचंही ऐका. १९७२च्या दुष्काळात नगर जिल्हा होरपळला तेव्हा आजी विशीत होती. दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, वडील तेव्हा तिच्या काखेत. सुकडीची आठवण ती अजून काढते. आपण ज्या रस्त्यांवरून गाड्या पळवतो त्यांतल्या कितीतरी रस्त्यांची खडी त्या पिढीच्या बायकांनी उकिडवं बसून फोडलीय. पुढं चाळीस वर्षं शेतात खुरपणी, तीही उकिडवीच. असे झिजलेले गुडघे घेऊन ती बाई घरी आली तर तिच्या अंगणात एक पायरी वाढवून द्यायला आपल्याला बजेट सापडत नाही.

इतरांना ते सापडलंय. जपाननं २०००मध्ये वृद्धांच्या देखभालीचा सार्वजनिक विमा सुरू केला. त्यात घरातल्या दुरुस्तीसाठी दोन लाख येनपर्यंतच्या खर्चाची तरतूद आहे, त्यातला थोडाच वाटा माणसानं स्वतः भरायचा. त्यांची यादी अशी: आधाराच्या दांड्या, उंचसखल जागा सपाट करणं, न घसरणारी जमीन, सरकते दरवाजे, बैठं शौचकूप काढून खुर्चीसारखं बसवणं. सगळी भिंत आणि जमीन. न्यूझीलंडच्या तारानाकी भागात आठशेहून अधिक घरं घेऊन एक चाचणी झाली; २०१५मध्ये ती 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. निम्म्या घरांत आधीच बदल केले, बाकीच्यांत नंतर. बदल कसले? पायऱ्यांना कठडा, न्हाणीघरात दांडी, बाहेर दिवा, पायरीच्या कडेला ठळक पट्टी, ओट्यावर न घसरणारा थर. एवढ्यानं घरात पडून उपचार घ्यावे लागण्याचं प्रमाण २६ टक्क्यांनी कमी झालं. २०२३च्या कॉक्रेन आढाव्यातही घरातले धोके कमी केल्यावर पडणं साधारण चौथाईनं घटल्याचं दिसलं. मात्र फायदा मुख्यतः ज्यांना पडण्याचा धोका जास्त आहे त्यांनाच झाला, धडधाकट म्हाताऱ्यांना फारसा नाही. म्हणून घरोघरी सरसकट दांड्या ठोका असं मी म्हणत नाही. माणूस एकदा पडलं, किंवा उठताना त्याचा हात आपोआप भिंतीकडं जायला लागला, की ठोका.

आता नेहमीचे आक्षेप.

पहिला: "आम्ही आहोत ना! घरात माणसं असताना कठडे कशाला?" हे वाक्य प्रेमानं बोललं जातं, म्हणून जास्त घातक आहे. आजारी आईला न्हाणीत नेणारी सून किंवा मुलगी ही आपल्याला कौतुकाची गोष्ट वाटते. पण आईच्या बाजूनं पाहा. रात्री उठायचं तर कुणाला तरी हाक मारायची. मग ती हाक टाळण्यासाठी संध्याकाळी सहानंतर पाणी पिणं बंद करायचं. आमच्या गल्लीतल्या तीन म्हाताऱ्यांनी मला हे स्वतः सांगितलंय, जणू काही युक्ती सांगावी तसं. दांडी असती तर हाक लागली नसती. माणूस दांडीची जागा घेऊ शकत नाही, कारण दांडीपुढं लाजावं लागत नाही.

दुसरा: "म्हातारी माणसं ऐकतच नाहीत. कशाला हात लावू देत नाहीत." खोटं आहे. आमच्या घरात सगळ्यात जास्त बदल आजीनंच केले होते. दोरी तिची, गोणपाट तिचं. खुरप्याला तिनं वेळूचा दांडा बसवून घेतला होता, वाकायला नको म्हणून. परसात बसायला तेलाचा पत्र्याचा डबा उलटा ठेवला होता. ती नकार देते तो बदलाला नाही. तिचं घर तिला न विचारता तिच्यासाठी अनोळखी करून टाकण्याला देते. आपण बंगला बांधतो, आरशासारखी चकचकीत फरशी टाकतो, जिन्याखाली चिंचोळं बाथरूम काढतो, आणि मग म्हणतो, आईला नवं घर मानवत नाही.

तिसरा: "लहान कामाला माणूस मिळत नाही." हा मात्र खरा आहे. आजी दवाखान्यातून घरी आल्यावर मी तीन गवंड्यांकडं गेलो. स्लॅबचं काम आहे का, असं विचारून दोघांनी पाठ फिरवली. अर्ध्या रोजाच्या कामाला कोण येणार? तिसरे मिस्त्रीमामा आले ते त्यांची स्वतःची आई पडून गेली होती म्हणून. व्यवस्थेचा अभाव म्हणतात तो हा. त्याबद्दल शेवटी बोलतो.

ते आले त्या दिवशी मी लॅपटॉपवर आराखडा काढून ठेवला होता. पडवीला रॅम्प. उतार एकास बारा, नियमाप्रमाणं. चौदा इंच उंचीला चौदा फूट लांबी. पडवीपासून तुळशीपर्यंत अंगण नऊ फूट. मी तुळशीवृंदावन पाच फूट मागं सरकवायचं सुचवलं. आजी वॉकर धरून उभी होती. ती माझ्याशी बोललीच नाही. मिस्त्रीमामांना म्हणाली, "दादा, मधी एक पायरी टाका. रुंद. दोन्ही पाय मावतील आशी. आन्‌ हिथं धरायला." झालं. चौदाचे सात-सात इंच झाले. घरातल्या जिन्याची पायरी १९ सेंटिमीटरपेक्षा उंच नको असं राष्ट्रीय बांधकाम संहिता म्हणते. सात इंच म्हणजे पावणेअठरा. आजीला संहिता माहीत नाही. गुडघा माहीत आहे.

नंतरचे दोन दिवस मी फक्त मोजपट्टी धरली. डिस्टेंपरवर नऊ-दहा महिन्यांत डाग पुन्हा उमटले होते, बरोबर जुन्याच जागी. तीन डागांवर तीन दांड्या बसल्या. दोरीच्या जागी, दोरीच्याच उंचीवर, वेल्डरनं पाइपाचा कठडा केला. शहाबादीची गुळगुळीत फरशी टाकीनं टोचून खरबरीत केली. न्हाणीच्या वाटेवर रात्रभर जळणारा छोटा दिवा लावला.

मग परस. आमच्याकडं नळाला दाब कमी, म्हणून नळ दोन फूट खड्ड्यात. खड्ड्यात उतरायचं, कळशी भरायची, ती वर काढून ठेवायची, मग आपण वर यायचं. कर्जतमध्येच नाही, महाराष्ट्रात गावोगाव हे खड्डे आहेत आणि त्यांत उतरणाऱ्या बहुतेक बायका आहेत. नळाला पाइप जोडून पाणी खड्ड्याशेजारच्या बुटक्या टाकीत घेतलं आणि तिथून छोट्या जुन्या मोटरीनं विटांच्या कट्ट्यावरच्या पिंपात. पिंपाला कमरेच्या उंचीवर तोटी. कढीपत्ता, गवती चहा आणि दोडक्याचा वेल जमिनीतच राहिले. मेथी-कोथिंबिरीसाठी दीड फूट उंचीचा विटांचा वाफा केला, कड एवढी रुंद की तिच्यावर बसता येतं. बसून डाव्या-उजव्या हाताला पोचेल एवढीच रुंदी, कारण "पल्याड हात गेला न्हाई तर तिकडं गवतच माजंल."

खर्च सांगतो, कारण या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग तोच आहे. पडवीची आणि मागच्या दाराची पायरी, फरशी टोचणं धरून, २,६००. तीन दांड्या १,९५०. कठडा ३,४००. दिवा ३५०. टाकी, पिंप आणि तोटी १,४००. वाफा १,७००. एकूण ११,४००. कॅमेऱ्यांपेक्षा तीन हजार शंभर रुपयांनी कमी. खुब्याच्या ऑपरेशनशी तर तुलनाच नको.

आजी आता चालते, पण पहिल्यासारखी नाही. गोदड महाराजांच्या रथाला ती मागच्या आषाढात गेली नाही. ते मला परत आणता आलेलं नाही आणि कुठल्याही पायरीनं येणार नाही. न्हाणीत मात्र ती एकटी जाते. वाफ्याच्या कडेवर बसून मेथी खुडते आणि जुडी करून काकूंना देते. कॅमेरे मी काढले. पडवीतल्याच्या खिळ्याला ती आता खुरपं अडकवते.

आता मागणी. वयोश्री योजनेच्या यादीत तीन ओळी वाढवा: आधाराची दांडी, पायरीची दुरुस्ती, न घसरणारी फरशी. रक्कम तीच राहू द्या. तीन हजारांत एका घरातल्या तिन्ही दांड्या लागतात, वर पैसे उरतात. सरकारी पैशातून बांधलेल्या घरकुलात आणि शौचालयात दांडी सक्तीची करा. आमच्या गल्लीत बारा हजारांच्या अनुदानातून झालेली शौचालयं आहेत, त्यांतल्या एकातही धरायला काही नाही. नगरपंचायतींनी आणि ग्रामपंचायतींनी महिन्यातले दोन दिवस एक गवंडी आणि एक नळकारागीर रोजावर ठेवावा, ज्याच्या घरी म्हातारं माणूस आहे त्यानं नाव नोंदवावं. अर्ध्या रोजाची आठ कामं एकत्र केली की चार रोज होतात. मग गवंडी येतो.

पण सरकारची वाट पाहत बसू नका. पुण्यात, बंगळूरात, अमेरिकेत बसून गावच्या घरात कॅमेरे लावणाऱ्या माझ्यासारख्यांना सांगतो: पुढच्या खेपेला जाताना मोजपट्टी घेऊन जा. रंगाचा डबा आणि कल्पना घरीच ठेवा. पहिले दोन दिवस काही करू नका. आई, आजी, आजोबा पहाटेपासून कुठं कुठं हात लावतात ते बघा. भिंतीवरचे डाग मोजा. त्यांनी बांधलेली दोरी, सरकवलेला दगड, पसरलेलं गोणपाट दिसलं तर ते कशासाठी आहे हे त्यांना विचारा. मग मिस्त्रीला बोलवा, आणि तो आला की तुम्ही गप्प राहा. सांगू द्या त्यांना.